घरांतलें शास्त्र : दाब, प्रवाह आणि रोध

गौरीजेवणाच्या दिवशीं आमच्या घरांत जी गोष्ट घडली ती सांगावी कीं सांगूं नये, याचा मीं बरेच दिवस विचार केला. घरांतील गोष्ट चव्हाट्यावर मांडूं नये, असा आमच्या पिढीचा दंडक. परंतु या सदरांतून दर महिन्यास मी वाचकांस शास्त्राचे चार शब्द सांगत असतों. आणि जो दुसऱ्यास सांगतो त्यानें आपली चूक तेवढी झांकून ठेवावी, हें मला प्रशस्त वाटेना. शेवटीं घरांतील वडील मंडळींची परवानगी घेऊन ती हकीकत येथें देत आहें.

आमचें घर जुनें. चार बिऱ्हाडें, पण चूल एक. भिंतींतील विजेच्या तारा घातल्यास पस्तीस वर्षें होऊन गेलीं. माजघरांत सहा अँपिअरचा एकच प्लग आहे. सणाच्या दिवशीं तेवढ्यानें भागत नाहीं, म्हणून त्यास एक एक्स्टेन्शन बोर्ड जोडून तो गौरींच्या मखरामागें, कापडी पडद्याच्या आड ठेवला होता. पाहुणे दारीं आलेले. एकीनें चहासाठीं विजेची किटली लावली, दुसरीनें पैठणीवर फिरवावयास इस्त्री लावली, आणि पुरण वाटावयाचें राहिलें होतें म्हणून तिसरीनें मिक्सर लावला. तिघींचीही घाई रास्त, आणि तिन्ही उपकरणें त्याच एका फळीवर.

थोड्या वेळानें माजघरांत कसलासा वास सुटला. धूप, उदबत्ती, कापूर यांच्या दरवळांत तो कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. आमच्या आई मात्र खांबाला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “अरे, हा वास उदाचा नव्हे. कांहीं तरी जळतें आहे.” पडदा सारून पाहतों तों प्लग वितळून भिंतीस चिकटलेला, आणि पडद्यास रुपयाएवढें काळें भोंक पडून त्याची कड लाल झालेली. माझ्या थोरल्या बंधूंनीं हातांतील तांब्या उचललाच होता. तेवढ्यांत धाकटी सूनबाई ओरडली, “मोठे काका, पाणी नको!” आणि ओसरीवर धांवत जाऊन तिनें मुख्य स्विच बंद केला. मग पडदा ओढून काढला आणि अंगणांत नेऊन पायांनीं विझवला. मखरापासून चार हातांवर गोधडीवर तिचेंच सात महिन्यांचें मूल झोंपलें होतें.

गौरींचा नैवेद्य झाला, पंगती उठल्या. रात्रीं सूनबाई माझ्या खोलीशीं आली. तिच्या तळहातावर चिनी मातीचा फ्यूज होता. तिनें शांतपणें विचारलें, “काका, हा फ्यूज कोणी बांधला?”

मीं म्हटलें, “मीं.”

ती कांहीं बोलली नाहीं. फ्यूज माझ्या टेबलावर ठेवून गेली. तिनें रागानें दोन शब्द ऐकविले असते तर तें मला सोपें गेलें असतें.

गोष्ट अशी कीं उन्हाळ्यांत पाहुणीं मुलें आलीं म्हणजे तो फ्यूज वारंवार उडे. दर खेपेस शिडी आणा, तार बांधा, अंधारांत मुलांचा गलका सोसा. एके रात्रीं कंटाळून मीं पांच अँपिअरच्या बारीक तारेऐवजीं एका जाड वायरींतील तांब्याचे तीन पदर पिळून त्यांत बसविले. त्या दिवसापासून फ्यूज उडाला नाहीं, आणि मी स्वतःस हुशार समजलों. शास्त्राची पदवी घेतलेल्या मनुष्यानें घरांतील एकुलता एक पहारेकरी कसा मारला, हें नीट समजण्यासाठीं दाब, प्रवाह आणि रोध या तीन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. आजचा प्रपंच त्यासाठींच.

विजेविषयीं बोलतांना व्होल्ट, अँपिअर आणि वॅट हे तीन शब्द आपल्या तोंडीं नेहमीं येतात. चौथा, ओहम, हा शाळेच्या पुस्तकाबाहेर सहसा पडत नाहीं. आणि गंमत अशी, कीं उरलेल्या तिघांचा खरा कारभारी तोच आहे.

प्रथम दाब. पुण्याच्या जुन्या रहिवाशांस कात्रजच्या पाण्याची गोष्ट सांगावयास नको. अठराव्या शतकांत पेशव्यांनीं कात्रजपाशीं तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळानें शहरांत, थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलें. तेथें पंप नव्हता, इंजिन नव्हतें. मग एवढें अंतर पाणी कशाच्या जोरावर चालून आलें? कात्रज उंचावर, शनिवारवाडा सखल. या दोहोंच्या उंचींतील जो फरक तोच पाण्यास ढकलीत होता. विजेच्या व्यवहारांत उंचीच्या फरकाचें काम जो करतो तो दाब. शाळेच्या पुस्तकांत त्यास विभवांतर म्हणतात, आणि तो व्होल्टांत मोजतात. आपल्या घरीं येणाऱ्या दोन तारांमध्यें तो २३० व्होल्टांचा असतो.

येथें ‘दोन तारांमध्यें’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उंची जशी एका जागेवरून दुसऱ्या जागेची सांगावयाची, तसाच दाब नेहमीं दोन ठिकाणांच्या मधला असतो. रस्त्यावरील उघड्या तारेवर चिमणी निर्धास्त बसते, तिला कांहीं होत नाहीं. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच ‘उंचीवर’ आहेत. मनुष्य मात्र जमिनीवर उभा राहून त्याच तारेस शिवला तर त्याचा हात ‘कात्रजला’ आणि पाय ‘शनिवारवाड्यावर’ असा प्रकार होतो, आणि मधला नळ तो स्वतः बनतो.

दुसरी गोष्ट प्रवाह. नळांतून दर क्षणास किती पाणी जातें तसें तारेंतून दर सेकंदास किती वीज जाते तें अँपिअर सांगतो. एक अँपिअर म्हणजे तारेच्या कोणत्याही एका ठिकाणावरून सेकंदास सुमारें ६२४ या आंकड्यापुढें सोळा शून्यें देऊन होणारी संख्या, एवढे विद्युत्कण जाणें. हे कण फार वेगानें धांवत असतील असें वाटेल. पण तारेंतून एका दिशेस सरकण्याचा त्यांचा वेग मुंगीहूनही मंद असतो. आणि आपल्या घरच्या विजेंत तर प्रवाहाची दिशा सेकंदास पन्नास वेळां जाऊन परत येते, म्हणून ते जागच्या जागींच मागें-पुढें हलतात. तरी कळ दाबतांच दिवा लागतो, कारण तार आधींच कणांनीं भरलेली असते. भरलेल्या नळाची तोटी उघडतांच पाणी येतें. टाकींतील थेंब तोटीपाशीं पोंचेपर्यंत वाट पाहावी लागत नाहीं, तसेंच हें.

प्रवाहाविषयीं एक गैरसमज शिकलेल्या घरांतही आढळतो. दिव्यांत वीज ‘खर्च’ होते, म्हणून एका तारेनें जास्त येत असेल आणि दुसरीनें कमी परत जात असेल, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. जेवढा प्रवाह येतो तेवढाच परत जातो. त्यांत गुंजभरही घट होत नाहीं. पाणचक्कींत जेवढें पाणी शिरतें तेवढेंच बाहेर पडतें. चक्की फिरवून खर्च होते ती पाण्याची उंची. विजेच्या उपकरणांतही कण तेवढेच राहतात, दाब तेवढा खर्च होतो. हा मुद्दा वाचकांनीं गांठीस बांधून ठेवावा. पुढें त्याच्यावर एक जीव वांचावयाचा आहे.

पाण्याचा दृष्टांत मात्र एके ठिकाणीं सोडून द्यावा लागतो. नळ फुटला तर पाणी रस्त्यावर वाहतें. तार तुटली तर वीज सांडत नाहीं, प्रवाह थांबतो. विजेस जाण्याची आणि परत येण्याची अशी सबंध वाट लागते. ती वाट जोडणें आणि तोडणें एवढेंच भिंतीवरील स्विचाचें काम.

तिसरी गोष्ट रोध. नळ लांब असला तर पाणी कमी येतें, रुंद असला तर जास्त येतें. तारेचेंही तसेंच. लांबी दुप्पट केली कीं रोध दुप्पट. तोंडाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें कीं रोध निम्मा. शिवाय धातूधातूंत फरक. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार शंभर मीटर घेतली तर तिचा रोध पावणेदोन ओहमांहून किंचित् कमी भरतो. ॲल्युमिनिअमची तेवढीच तार घेतली तर तो सुमारें दीडपटीहून थोडा अधिक होतो. आणि शेगडीच्या किंवा इस्त्रीच्या वेटोळ्यांत जो नायक्रोम नांवाचा मिश्रधातु असतो, त्याचा रोध तांब्याच्या साठपटीहूनही अधिक असतो. जेथें उष्णता हवी तेथें नायक्रोम आणि जेथें नको तेथें तांबें, ही योजना त्यामुळेंच.

या तिघांचें नातें ज्यानें शोधून काढलें तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनींतील एर्लांगेन गांवीं १७८९ सालीं जन्मला. बाप कुलुपें करणारा कारागीर. पण स्वतःच्या कष्टानें गणित शिकलेला आणि मुलांस घरीं शिकविणारा. ओहम पुढें कोलोन येथील शाळेंत शिक्षक झाला, आणि तेथील प्रयोगशाळेंत फावल्या वेळीं त्यानें निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून प्रवाह मोजावयास आरंभ केला. त्या काळीं वीज मिळे ती व्होल्टानें १८०० सालीं जगापुढें मांडलेल्या घटमालेंतून. परंतु तिचा जोर घटकेघटकेस उतरे, मग मोजमापाचा मेळ कसा बसावा? पोगेनडॉर्फ नांवाच्या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ओहमनें ती सोडून बिस्मथ आणि तांबें यांचा सांधा घेतला. अशा जोडाचें एक टोंक उकळत्या पाण्यांत आणि दुसरें बर्फांत ठेवलें म्हणजे त्यांतून वीज मिळते, हें १८२१ सालीं झीबेकनें दाखविलें होतें. उकळतें पाणी आणि बर्फ यांचें तपमान बदलत नाहीं, म्हणून दाबही बदलत नाहीं. दाब स्थिर झाला आणि आंकडे सरळ बोलूं लागले. प्रवाह म्हणजे दाब भागिलें रोध, हा नियम त्यांतून निघाला, आणि १८२७ सालीं त्यानें तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

आज आठवीं-नववींतील मूल जें सूत्र पाठ म्हणतें त्याचें त्या वेळीं थंड स्वागत झालें. ओहमला विद्यापीठांतील जागेची आशा होती, ती मिळाली नाहीं. कोलोनची नोकरीही सुटली. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक देऊन गौरविलें. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालें तें १८५२ सालीं, आणि १८५४ सालीं तो वारला. १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्-परिषदेनें व्होल्ट, अँपिअर आणि ओहम हीं एकके ठरविलीं, तेव्हां इटालियन व्होल्टा, फ्रेंच अँपिअर आणि जर्मन ओहम एका पंगतीस बसले. याच नियमाच्या जवळ अठराव्या शतकांतच इंग्लंडांत कॅव्हेंडिश पोंचला होता. प्रवाह मोजण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. म्हणून तो निरनिराळ्या द्रवांतून वीज सोडून तिचा धक्का स्वतःच्या शरीरावर घेई आणि कोणता धक्का मोठा तें नोंदून ठेवी. त्यानें तें प्रसिद्ध केलें नाहीं. मॅक्सवेलनें त्याचीं टिपणें १८७९ सालीं छापलीं तेव्हां जगास कळलें.

आतां आमच्या माजघरांत परत येऊं. प्रत्येक उपकरणावर वॅटांचा आंकडा छापलेला असतो. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिलें अँपिअर. म्हणून वॅटांस २३०नें भागलें कीं अँपिअर निघतात. किटली १५०० वॅटची : साडेसहा अँपिअर. इस्त्री १००० वॅटची : सुमारें चार आणि एक-तृतीयांश. मिक्सर ५०० वॅटचा : सुमारें सवादोन. (मिक्सरांत मोटर असल्यामुळें त्याचें गणित थोडें निराळें असतें, पण अंदाजास हें पुरे.) बेरीज तेरा अँपिअर; आणि प्लग सहांचा!

सूनबाईची मोठी जाऊ येथें म्हणाली, “पण उपकरणें वाढलीं कीं वाटेंत अडथळे वाढले. मग प्रवाह कमी व्हावयास हवा ना?” प्रश्न मार्मिक होता. याचें उत्तर जोडणीच्या प्रकारांत आहे. पूर्वी दिवाळींत ज्या बारीक दिव्यांच्या माळा मिळत त्यांत दिवे एकामागें एक जोडलेले असत. वाट एकच, म्हणून रोधांची बेरीज होई, आणि एक दिवा गेला कीं सबंध माळ अंधारी. घरांतील जोडणी अशी नसते. तेथें प्रत्येक उपकरण दोन तारांमध्यें स्वतंत्रपणें बसतें. मंगल कार्यालयास एक दार असतां दुसरें उघडलें तर दारें दोन झालीं म्हणून गर्दी अडत नाहीं, ती अधिक सुटते. तसें प्रत्येक उपकरण म्हणजे प्रवाहास नवें दार. किटलीचा रोध सुमारें पस्तीस ओहम, इस्त्रीचा त्रेपन्न. पण दोन्ही एका वेळीं लावलीं तर मिळून रोध भरतो एकवीस ओहम, म्हणजे दोहोंपैकीं लहानाहूनही लहान. तोटे वाढले, पाणी वाढलें. आणि तें सगळें येणार मात्र त्या एकाच प्लगांतून.

तेरा अँपिअरांनीं प्लग का जळावा? तारेंतून प्रवाह जातांना रोधामुळें उष्णता होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. आमच्या प्लगाची एक पिन सैल होती. तेथें धातूस धातु नीट टेंकत नव्हता. अशा सांध्यावर अर्धा ओहम रोध आहे असें धरूं. सहा अँपिअर गेले तर सहाचा वर्ग छत्तीस, त्याचे निम्मे अठरा वॅट. तेरा गेले तर तेराचा वर्ग एकशें एकोणसत्तर, त्याचे निम्मे साडेचौऱ्यायशीं वॅट. पूर्वीच्या शंभर वॅटच्या दिव्यास हात लावून ज्यांनीं बोटें पोळून घेतलीं आहेत त्यांनीं तेवढ्यास जवळची उष्णता सुपारीएवढ्या जागेंत कोंडल्याची कल्पना करावी. आणि त्या सांध्यावर दाब किती खर्च झाला? तेरा गुणिलें अर्धा, म्हणजे साडेसहा व्होल्ट. २३०पैकीं साडेसहा गेले तर इस्त्रीस कळतही नाहीं. ती बिनतक्रार तापते. आपलीं उपकरणें नीट चाललीं आहेत, म्हणून तारा नीट आहेत, असें मानतां येत नाहीं तें यासाठीं.

फ्यूज असतो तो याच प्रसंगासाठीं. तो म्हणजे वाटेंत मुद्दाम ठेवलेली सर्वांत नाजूक तार. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला कीं भिंतींतील तार तापण्यापूर्वीं तिनें वितळावें, आणि वाट तोडावी. जुन्या पद्धतीच्या पांच अँपिअरच्या फ्यूजमधून सुमारें दुप्पट प्रवाह गेला कीं ती वितळते. तेरा अँपिअरांत ती खचित गेली असती, किटली बंद पडली असती, आणि चहास उशीर झाला असता. एवढेंच! मीं बांधलेले तीन पदर मात्र त्या तेरा अँपिअरांस दाद देईनात. मग सर्वांत नाजूक जागा म्हणून ती सैल पिन पुढें आली, आणि फ्यूजचें काम पडद्यामागें तिनें केलें. उन्हाळ्यांत फ्यूज वारंवार उडत होता तो बिघडला म्हणून उडत नव्हता. तो आपलें काम करीत होता, आणि मला कांहीं सांगत होता. मीं सांगणाराचें तोंड बंद केलें.

हेंच वर्गाचें गणित मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या लोकलगाड्यांत पाहावयास मिळतें. हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून, कुर्ल्यास गेली. तिच्या तारेंतील दाब १५०० व्होल्टांचा होता. पुढें तो बदलून २५,००० व्होल्टांवर नेण्याचें काम टप्प्याटप्प्यानें होऊन २०१६ सालीं पुरें झालें. एका गाडीस तीस लक्ष वॅट लागतात असें धरलें तर १५०० व्होल्टांवर दोन हजार अँपिअर लागतील, आणि २५,००० व्होल्टांवर अवघे एकशें वीस. प्रवाह सुमारें सतरावा हिस्सा झाला, म्हणजे तेवढ्याच तारेंत वायां जाणारी उष्णता पावणेतीनशांवा हिस्सा झाली. दूरच्या वीजगृहांतून वीज आणावयाची ती लाखों व्होल्टांवर आणतात, याचेंही मर्म हेंच.

आतां मघांचा तो गांठीस बांधलेला मुद्दा. फ्यूज तारेचें रक्षण करतो. माणसाचें करीत नाहीं. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार ओहमांच्या आसपास येऊं शकतो. २३० भागिलें १००० म्हणजे पाव अँपिअराहूनही कमी. पांच अँपिअरच्या फ्यूजला याची वार्ताही लागत नाहीं. आणि माणसाचें हृदय मात्र याच्या निम्म्याहून कमी प्रवाहानेंही बंद पडूं शकतें. न्हाणीघरांतील गीझरचें धातूचें आवरण जमिनीशीं तारेनें जोडावें, यास अर्थिंग म्हणतात. आंतील तार सुटून आवरणास टेंकली तर प्रवाहास जमिनीकडे सोपी वाट मिळून तो एकदम वाढावा आणि फ्यूज उडावा, हा त्याचा हेतु. परंतु त्या वाटेचा रोध पांच ओहम असेल तरच शेहेचाळीस अँपिअर जातील. जुनी, कोरडी, गंजलेली अर्थिंग असून रोध शंभर ओहम झाला, तर जातात दोन-सव्वादोन अँपिअर. फ्यूज स्वस्थ, आणि आवरण जिवंत! म्हणून नुसती हिरवी तार दिसते एवढ्यावर समाधान मानूं नये. अर्थिंगचा रोध जाणत्याकडून मोजून घ्यावा.

यावर दुसरा पहारेकरी म्हणजे ज्यास वायरमन लोक ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात तें उपकरण. तें प्रवाह किती आहे हें पाहत बसत नाहीं. गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा आहे कीं नाहीं एवढेंच पाहतें. जेवढा जातो तेवढा परत आलाच पाहिजे. आला नाहीं तर मधला भाग कोणाच्या तरी शरीरांतून जमिनींत गेला. घरगुती उपकरणांत हा फरक सहस्रांश अँपिअराच्या हिशेबानें तीसवर पोंचण्याच्या सुमारास, निमिषार्धांत तें वाट तोडतें. त्यावर तपासणीचें एक बटण असतें; तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. आमच्या घरीं संकष्टीचा दिवस त्यासाठीं ठरविला आहे, म्हणजे विसर पडत नाहीं.

मीं काय केलें तें सांगून हें आटोपतों. भिंतींतील तारा नव्यानें घातल्या. दिव्यांस दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, मोठ्या प्लगांस अडीचची, आणि गीझरास स्वतंत्र चारची. फ्यूजच्या जागीं आपोआप तुटणारे एमसीबी आले, आणि कोणता एमसीबी कोणत्या तारेस, तें सूनबाईनें स्वतः पाहून घेतलें. कारण एमसीबी पडतो म्हणून त्या जागीं मोठा बसविणें हें माझेंच पाप नव्या वेषांत करणें होय. किटली, इस्त्री आणि इंडक्शनची शेगडी यांस सोळा अँपिअरचे वेगळे प्लग दिले. आणि एक्स्टेन्शन बोर्डावर तापणारें कोणतेंही उपकरण लावावयाचें नाहीं, असा घराचा नियम झाला. वाचकांनींही या सुटींत मुलांस हाताशीं घेऊन घरांतील प्रत्येक उपकरणावरचे वॅट लिहून काढावे, २३०नें भागावे, आणि कोणत्या प्लगावर किती बेरीज होते तें पाहावें. अर्ध्या तासाचें काम आहे. आणि कोठें एखादा प्लग हातास कोमट लागला, तर ती गोष्ट उद्यांवर टाकूं नये.

तीन पदर पिळलेला तो जुना फ्यूज मीं टाकला नाहीं. हें सदर लिहितांना तो माझ्यासमोर टेबलावर असतो. सूनबाईनें तो परत मागितला नाहीं. मात्र गेल्या आठवड्यांत नव्या मीटरपेटीची किल्ली तिनें माझ्या हातून काढून घेतली आणि आपल्या कमरेच्या जुडग्यांत ओविली. मीं ती आनंदानें दिली.